पंप बंद झाला तरी जमीन वर येत नाही

मुंबईत जमीन दबण्याचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणते, "मुंबई कातळावर उभी आहे, ती कशाला दबेल?" हे म्हणणे अर्धे खरे आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी हा लेख.

अंधेरीची गिल्बर्ट टेकडी, मलबार हिल, माझगाव-शिवडीचे उंचवटे, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातले डोंगर हे सारे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीतून आलेल्या खडकाचे आहे. अशा खडकातल्या विहिरीतून महिनोन्महिने पाणी काढले तर विहीर आटेल, पण जमीन जागची हलणार नाही. मात्र ही झाली बेटांची गोष्ट. बेटांच्या मधली जागा निराळी आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस हॉर्नबी वेलार्डचा बांध घालून वरळीजवळ आत शिरणारा समुद्र अडवला गेला आणि तेव्हापासून मुंबई भराव घालूनच पसरत आली. नरिमन पॉइंट, कफ परेड, मिठीकाठच्या दलदलीवर उभे राहिलेले वांद्रे-कुर्ला संकुल, खाडीपलीकडे नवी मुंबईचा मोठा भाग. अशा ठिकाणी बोअर मारताना काय वर येते ते एकदा उभे राहून पाहावे. आधी मुरूम, राबिट, कुठे कुठे जुना कचरा. मग काळा, मऊ, बोटाने दाबला तर खड्डा पडेल असा खाडीचा गाळ. साइटवर सगळे त्याला मरीन क्ले म्हणतात. त्याच्याखाली झिजलेला, भेगाळलेला खडक, आणि मग कुठे खरा कातळ लागतो. गाळाचा थर कुठे दोन मीटरचा असतो, तर कुठे दहा मीटरचा आणि त्याहूनही जाड.

या काळ्या गाळातले पाणी जागेवर राहणे हा भरावावर राहणाऱ्या लाखो माणसांच्या घराचा, गटाराचा आणि पाइपांचा प्रश्न आहे. त्याकडे आपण लक्ष देत नाही, कारण तो फार हळू घडतो.

आधी एक घोटाळा दूर करू. २०२१ च्या जूनमध्ये घाटकोपरच्या एका सोसायटीत उभी असलेली गाडी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत जमिनीत गेली. तिथे जुनी विहीर होती, ती वरून काँक्रीटने झाकली होती आणि ते झाकण तुटले. रस्त्यांवर पावसाळ्यात पडणारी भगदाडेही बहुधा फुटलेल्या जलवाहिनीने किंवा जुन्या मलवाहिनीने माती वाहून नेल्यामुळे पडतात. त्या घटना गंभीर आहेत, पण त्या एका जागी, एका क्षणात घडतात. इथे ज्या दबण्याबद्दल बोलायचे आहे ते वर्षाला काही मिलिमीटर किंवा सेंटिमीटर, पण अख्ख्या वस्तीच्या आकाराचे असते. ते मोबाइलच्या व्हिडिओत सापडत नाही.

वजन कोण उचलते?

जमिनीच्या आत, समजा पंधरा मीटर खाली, मातीच्या एका थरावर वरच्या सगळ्या मातीचे आणि इमारतींचे वजन असते. ते वजन एकटे मातीचे कण उचलत नाहीत. कणांच्या मधल्या पोकळ्यांत पाणी असते, त्या पाण्याला दाब असतो, आणि तो दाबही वजनाचा काही भाग तोलून धरतो. कार्ल टर्झागी नावाच्या अभियंत्याने इस्तंबूलमध्ये शिकवत असताना यावर प्रयोग केले आणि १९२५ साली हा विचार नीट मांडला. आजही जगातला प्रत्येक पाया त्याच हिशेबाने घातला जातो.

आता पंप लावून पाणी काढले की पोकळीतला दाब कमी होतो. वरचे वजन तर तेवढेच राहते. मग पाण्याने सोडलेला वाटा कणांवर येतो. आकडा सोपा आहे: पाणीपातळी एक मीटरने उतरली की खालच्या कणांवर दर चौरस मीटरला साधारण एक टन जास्तीचा भार येतो. पाच मीटरने उतरली तर पाच टन. राहत्या इमारतीचा एक मजला दर चौरस मीटरला ढोबळमानाने एक टनाच्या आसपास भार टाकतो. म्हणजे एखाद्या भागातले पाणी पाच मीटरने खाली नेणे हे त्या सगळ्या भागावर, रस्ते-मैदाने-झोपड्यांसकट, चार-पाच मजली इमारत आणून ठेवण्यासारखे झाले. ती इमारत दिसत नाही, तिचा आराखडा कुणी मंजूर केलेला नसतो, आणि तिचा भार ज्याने पंप लावला त्याच्या प्लॉटपुरता थांबत नाही.

वाळू हा भार बऱ्यापैकी सोसते. तिचे कण ज्वारीच्या दाण्यांसारखे गोल आणि टणक. पोत्यावर हात दाबला तर दाणे किंचित सरकतात, हात काढला की जवळपास पूर्वीसारखे होतात. गाळाचे कण चपटे असतात, भिजवलेल्या पोह्यांसारखे. भिजवलेले पोहे परातीत मोकळे पडलेले असताना ते फुगलेले दिसतात. तळहाताने दाबले की पाणी निघते आणि ते एकमेकांवर चिकटून बसतात. मग वर कितीही पाणी ओता, तो थर पुन्हा पहिल्या उंचीला येत नाही. खाडीच्या गाळाचे नेमके हेच होते. पाणीपातळी पावसाळ्यात वर येईल, पण दबलेला गाळ दबलेलाच राहील. वर येते ते अगदी थोडे.

आणखी दोन गुणधर्म समजून घेतले की उपाय कुठे शोधायचा ते कळते.

पहिला, गाळातून पाणी फार सावकाश निघते. थराची जाडी दुप्पट असेल तर पाणी निघून जायला चौपट वेळ लागतो. म्हणून पंप चालू केला त्या वर्षी काहीच जाणवत नाही, आणि पंप बंद केल्यावरही दबणे वर्षानुवर्षे चालू राहू शकते. तक्रार करायची वेळ येते तेव्हा पंपवाला निघून गेलेला असतो.

दुसरा, गाळाने आजवर सोसलेला सर्वांत मोठा भार त्याच्या बांधणीत नोंदलेला असतो. त्या भारापर्यंत तो फारसा दबत नाही; एकदा तो ओलांडला की झपाट्याने दबायला लागतो. यातून व्यवस्थापनाचा एक साधा आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा नियम निघतो: पाणीपातळी त्या जागेच्या आजवरच्या नीचांकाखाली जाऊ द्यायची नाही. उपसा शून्यावर आणायची गरज नाही. पण तळरेषा ठरलेली हवी, आणि ती ठरवायची तर आजवरचा नीचांक कुणीतरी मोजून ठेवलेला हवा. मुंबईतल्या बहुतेक जागांचे घोडे इथेच अडते.

मुंबईतला चोरवाटेचा उपसा

कुणी म्हणेल, गाळातून पाणी कोण काढतो? गाळात बोअर मारून हाती काहीच लागत नाही. खरे आहे. बोअर जाते गाळाखालच्या भेगाळलेल्या खडकात. पण त्या खडकातला दाब उतरला की वरचा गाळ खालून निथळायला लागतो, गाळाला हात न लावता. यासाठी ऑस्लो शहराची आठवण ठेवण्यासारखी आहे. तिथेही खाली कठीण खडक आणि वर समुद्री गाळ, म्हणजे मांडणी मुंबईच्या खाडीकाठासारखीच. १९१० च्या दशकात शहराखालून रेल्वेचा बोगदा खणला गेला. बोगदा पूर्ण खडकात होता, पण खडकाच्या भेगांतून पाणी बोगद्यात झिरपत राहिले, वरच्या गाळातला दाब उतरला आणि वरची घरे खाली बसू लागली. पुढे नॉर्वेने शहरी बोगद्यांसाठी, दर शंभर मीटर लांबीत मिनिटाला किती लिटर पाणी झिरपलेले चालेल, याच्या मर्यादा घालून काम करायची पद्धत लावली. "आम्ही तर खडकात काम करतोय" हे उत्तर पुरेसे नाही, हे त्यांना शंभर वर्षांपूर्वी कळले.

मुंबईत जमिनीखालचे पाणी तीन वाटांनी निघते. सोसायट्यांच्या बोअरवेल आणि रिंगवेल (काँक्रीटच्या कड्या रचून केलेल्या उथळ विहिरी), टँकर भरणाऱ्या विहिरी, आणि बांधकामाच्या खोदाईतले डिवॉटरिंग, म्हणजे खड्ड्यात येणारे पाणी पंपाने उपसणे.

पहिल्या वाटेवर फार बोलत नाही. फ्लश, गाड्या धुणे, बाग यांसाठी काढलेले पाणी एका इमारतीपुरते थोडे असते. एकाच गल्लीत वीस बोअर झाल्या की गोष्ट बदलते, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

टँकरचा व्यवहार मोठा आहे. २०१९ मध्ये काळबादेवीतल्या एका जुन्या इमारतीच्या आवारातल्या विहिरींतून अनेक वर्षे पाणी उपसून ते टँकरने विकल्याबद्दल गुन्हा दाखल झाला होता. तक्रारीत पाण्याची किंमत ७३ कोटी रुपयांच्या वर सांगितली होती. आरोपाचे काय व्हायचे ते होवो, पण शहराच्या मध्यभागी एवढा उपसा वर्षानुवर्षे कुणाच्या खातेवहीत नसतो, ही गोष्ट मला अस्वस्थ करते. एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या परवान्याच्या अटींवरून मुंबईतल्या टँकरवाल्यांनी संप केला, तेव्हा ऐन उन्हाळ्यात सोसायट्या आणि वस्त्या कोरड्या पडल्या आणि महापालिकेला आपत्ती व्यवस्थापन कायदा वापरून विहिरी-टँकर ताब्यात घेण्याची भूमिका घ्यावी लागली. त्या चार-पाच दिवसांत एक गोष्ट उघड झाली. सात तलावांच्या पाण्यावर चालते असे आपण ज्या शहराबद्दल म्हणतो, ते विहिरींवरही चालते.

यात विहिरींचा कारभार कुणाकडे आहे हेही पाहण्यासारखे आहे. मुंबईत विहीर-बोअरवेलच्या परवानग्यांत महापालिकेच्या कीटकनाशक खात्याचा मोठा वाटा राहिला आहे. कारण जुने आणि रास्त आहे: विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिवतापाचे डास विहिरींत वाढतात हे लक्षात आल्यावर शहरातल्या कितीतरी विहिरी बुजवल्या गेल्या, उरलेल्यांवर झाकणे आली. पण या इतिहासामुळे विहिरीकडे डासांचे ठिकाण म्हणून पाहिले गेले. तिच्यातले पाणी किती खाली गेले, हे पाहणे कुणाचेच रोजचे काम झाले नाही.

आता तिसरी वाट. मला सर्वांत जास्त काळजी हिचीच वाटते. पुनर्विकासात आता दोन-तीन तळघरांचे पार्किंग सर्रास झाले आहे. खोदाई आठ-दहा मीटर किंवा त्याहून खोल जाते, खड्ड्यात पाणी येते आणि कोरडे काम करण्यासाठी रात्रंदिवस पंप चालतात. समजा एका साइटवरून सेकंदाला १० लिटर पाणी निघते. दिवसाला ८ लाख ६४ हजार लिटर झाले. सहा महिने काम चालले तर साडेपंधरा कोटी लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे पंधरा हजारांवर टँकर. हे पाणी कुणी विकत नाही, वापरत नाही. ते रस्त्याकडेच्या गटारात जाते. शेजारच्या चाळीला मात्र त्याची किंमत मोजावी लागते. नवा टॉवर खडकापर्यंत नेलेल्या खांबांवर उभा राहतो, तो हलत नाही. शेजारची पन्नास-साठ वर्षांची इमारत उथळ पायावर असते, आणि तिच्या एका बाजूखालचा गाळ निथळून जास्त दबतो, दुसऱ्या बाजूखालचा कमी. इमारत सगळीकडून सारखी खाली गेली तर तिला फारसे दुखत नाही. तिरकी गेली की भिंतींना तडे पडतात, दारे अडकतात.

हे टाळण्याचे तंत्र नवे नाही आणि मुंबईतल्या ठेकेदारांना ते ठाऊकही आहे. खड्ड्याभोवती एकमेकांत गुंतलेल्या पाइल्सची किंवा काँक्रीटची सलग भिंत खडकापर्यंत न्यायची, खडकातल्या भेगांत सिमेंटचे ग्राउट भरायचे, म्हणजे बाहेरचे पाणी आत येतच नाही. तरी जे पाणी काढावे लागेल ते गटारात न सोडता भिंतीबाहेरच्या पुनर्भरण विहिरीत परत सोडायचे. बाहेर पाणीपातळी मोजायच्या नळ्या, म्हणजे पिझोमीटर, बसवायच्या आणि पातळी ठरलेल्या रेषेखाली गेली तर पंप थांबवायचे. गिरगाव-काळबादेवीत मेट्रो-३ चा बोगदा जात असताना जुन्या इमारतींवर कल आणि तडे मोजणारी उपकरणे बसवली होती, ती अनेकांनी पाहिली असतील. सरकारी बोगद्याला जी शिस्त लागते ती गल्लीतल्या तीन तळघरांच्या खोदाईलाही लागावी, एवढेच म्हणणे आहे. खर्च वाढतो, हो. पण सलग भिंत न घातल्याने वाचलेला पैसा शेजाऱ्याच्या भिंतीतून वसूल केलेला असतो.

तोक्योने काय केले

उपाय चालतात का, हे विचारणाऱ्याने तोक्योकडे पाहावे. तिथल्या पूर्वेकडच्या सखल भागात, कारखान्यांच्या पट्ट्यात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून जमीन खाली जात होती. कारण काय, यावर वाद होता. उत्तर अनपेक्षित रीतीने मिळाले. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी बाँबहल्ल्यांनी कारखाने बंद पडले, पंप थांबले, आणि जमिनीचे दबणेही जवळजवळ थांबले. युद्धानंतर कारखाने सुरू झाले तसे ते पुन्हा वाढले. मग १९५६ मध्ये कारखान्यांच्या आणि १९६२ मध्ये इमारतींच्या भूजल उपशावर कायदे आले. नुसती बंदी घातली नाही. कारखान्यांना औद्योगिक वापराचे वेगळे पाणी पाइपने पुरवले. १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत दबण्याचा वेग जवळपास ओसरला.

पण जी जमीन गेली ती गेली. कोतो भागातली काही ठिकाणे चार मीटरहून जास्त खाली गेली होती, ती आजही तिथेच आहेत; समुद्राच्या भरतीखालचा तो सगळा पट्टा बांध, दरवाजे आणि पंप यांच्या भरवशावर जगतो. पुढे भूजलाची पातळी इतकी वर आली की तोक्यो आणि उएनो या स्थानकांच्या जमिनीखालच्या भागांना पाणी खालून वर ढकलू लागले. ती स्थानके तरंगू नयेत म्हणून त्यांना खालच्या थरात नांगरून ठेवावे लागले. पाणी परत आले, जमीन नाही, हे याहून स्पष्ट कुठे दिसणार?

जिथे हात आवरला गेला नाही तिथले चित्र वेगळे आहे. मेक्सिको सिटी जुन्या तळ्याच्या गाळावर वसलेली आहे आणि तिच्या काही भागांत जमीन वर्षाला ५० सेंटिमीटरच्या आसपास खाली जाते. जकार्ताच्या उत्तरेकडच्या किनाऱ्याची घसरण तर राजधानी हलवण्याच्या २०१९ च्या निर्णयामागच्या कारणांत गणली गेली. तिथे पाइपचे पाणी पुरेसे पोहोचत नव्हते म्हणून लोकांनी बोअर मारल्या. माणसे पाण्याशिवाय राहत नाहीत. नळ दिला नाही तर ती जमिनीत हात घालणारच.

आपल्या देशातलेही एक उदाहरण आहे, आणि ते मला फार आशादायक वाटते. दिल्लीचा उपग्रहाच्या साहाय्याने केलेला एक अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आयआयटी मुंबईचाही सहभाग होता. विमानतळाजवळच्या कापसहेडा भागात जमीन दबण्याचा वेग २०१४ ते २०१६ मध्ये वर्षाला सुमारे ११ सेंटिमीटर होता, तो पुढे १७ सेंटिमीटरवर गेला. तिथून फार दूर नसलेल्या द्वारकेत मात्र आधी दबणारी जमीन नंतरच्या काळात थांबली आणि किंचित वर उचललीही गेली. तिथे पाइपचे पाणी आले होते, पावसाचे पाणी मुरवण्याची सक्ती झाली होती, जुन्या तळ्यांवर काम झाले होते. दोन शेजारी भाग, एकच शहर, आणि दोन दिशा.

उपग्रहाचे मोजमाप कसे चालते तेही सांगतो, कारण ते आता आपल्या हाताशी आहे. उपग्रह त्याच जागेवरून पुन्हा पुन्हा जातो आणि दर वेळी रडारचा किरण जमिनीवर सोडून परत येणारी लहर टिपतो. दोन फेऱ्यांतल्या लहरींचा फरक पाहिला की जमीन काही मिलिमीटर जरी हलली असेल तरी कळते. युरोपचे सेंटिनेल उपग्रह २०१४ पासून हे करत आहेत. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून निसार हा इस्रो आणि नासाचा उपग्रह गेला. तो दर बारा दिवसांनी त्याच जागेवर परतेल अशी त्याची आखणी आहे. भारतातल्या पाच महानगरांवर २०२५ मध्ये आलेल्या एका अभ्यासात मुंबईच्या काही जागा वर्षाला २६ मिलिमीटरपर्यंत दबत असल्याचे दिसले. यावरून 'मुंबई बुडाली' म्हणून मथळे करणे चूक आहे. हा वेग काही ठिकाणांचा आहे, सगळ्या शहराचा नाही. आणि प्रत्येक ठिकाणी कारण भूजलच असेल असेही नाही. नवा भराव स्वतःच्या वजनाने बसतो, जुन्या कचराभूमीतला कचरा कुजून दबतो, इमारतींचाही भार असतो. उपग्रह किती दबले ते सांगतो, का दबले ते सांगत नाही. त्यासाठी जमिनीतली पाणीपातळी माहीत असावी लागते, आणि तेच आकडे आपल्याकडे विरळ आहेत.

समुद्र शेजारी असताना

जगात समुद्राची पातळी आता वर्षाला सुमारे ४ मिलिमीटरने वाढते आहे. एखादी वस्ती वर्षाला २० मिलिमीटर दबत असेल तर तिच्यापुरता समुद्र सहापट वेगाने वर येतो आहे. भरतीच्या वेळी मुंबईची पर्जन्यवाहिन्यांची तोंडे आधीच पाण्याखाली जातात आणि जोराचा पाऊस त्याच वेळी आला तर पाणी साचते. सखल भागातल्या गटाराला उतार असतो तोच मुळी थोडा. दहा वर्षांत वीस सेंटिमीटर गेले की तो उतार उलटा होऊ शकतो, आणि मग गटार कितीही साफ केले तरी पाणी मागेच येते.

दुसरा धोका खाऱ्या पाण्याचा. किनाऱ्यावरच्या वाळूत गोडे पाणी हलके म्हणून खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या वर एक मीटर असेल तर तिच्याखाली ढोबळमानाने चाळीस मीटरपर्यंत गोडे पाणी टिकते. वरचे एक मीटर उपसले की खालून खारे पाणी चाळीस मीटर वर यायला मोकळे. वसईच्या वाडीवाल्यांना हे कुणी गणिताने शिकवले नव्हते. त्यांच्या वाडवडिलांनी बावखले, म्हणजे वाडीतली लहान तळी, खणली, पावसाचे पाणी त्यांत साठवले, मुरवले आणि रहाटाने तेवढेच काढले जेवढे केळी-पानवेलींना लागत होते. टँकर आले तेव्हा तिथले लोक विरोधात रस्त्यावर उतरले ते याच जाणिवेने. बावखले बुजवून त्यांवर घरे बांधणे म्हणजे शेकडो वर्षांचे चालते भूजल व्यवस्थापन मातीखाली गाडणे आहे, आणि ते अजूनही चालू आहे.

कायदा आहे, मीटर नाही

१८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने जमीनमालकाला आपल्या जमिनीखालचे पाणी काढायचा हक्क मानला. तेव्हा मोट होती. मोटेने शेजाऱ्याच्या घराखालचा गाळ निथळत नव्हता. महाराष्ट्राने २००९ मध्ये भूजल विकास व व्यवस्थापनाचा कायदा केला, तो २०१४ मध्ये लागू झाला. केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या सप्टेंबर २०२० च्या नियमांत उपशाला ना-हरकत परवाना, पाणी मोजणारे डिजिटल मीटर आणि बांधकामाच्या डिवॉटरिंगलाही परवानगी, हे सगळे आहे. पण हे नियम पाणी आटण्याच्या भीतीतून लिहिलेले आहेत. मुंबईत अडीच मीटरच्या आसपास पाऊस पडतो, विहिरी दर वर्षी भरतात, म्हणून आटण्याच्या हिशेबात शहर सुरक्षित दिसते. दबण्याचा हिशेब वेगळा आहे. मे महिन्यात पातळी एकदाच नीचांकाखाली गेली तर तेवढ्यानेही गाळाचा काही भाग कायमचा बसतो, जूनमध्ये विहीर काठोकाठ भरली तरी.

म्हणून मुंबईला वेगळा नकाशा लागेल: खाली गाळ किती जाड आहे त्याप्रमाणे. कातळावरच्या भागात उपशाला मोकळीक, जाड गाळाच्या भागात तळरेषा आणि कडक मीटर. पावसाचे पाणी मुरवण्याची सक्ती मोठ्या भूखंडांना २००२ पासून आहे, तिचीही जागा पाहून अंमलबजावणी हवी. भरावात खड्डा करून सोडलेले पाणी भरावातच साचते, किंवा जुना कचरा असेल तर घाण घेऊन पुढे जाते. गाळाखालचा दाब टिकवायचा तर ते नळीने खालच्या भेगाळलेल्या खडकापर्यंत न्यावे लागते. आणि जिथे मुरवणे शक्य नाही तिथे ते टाकीत साठवून वापरले की तेवढा बोअरचा उपसा वाचतो.

यात एक गोष्ट न्यायाची आहे. ज्या वस्त्यांना नळ नाही त्यांचा टँकर आधी बंद करणे हा उपाय होऊ शकत नाही. तोक्योने आधी पर्यायी पाणी दिले, मग पंप काढायला लावले. आपल्याकडे बांधकामांना आणि फ्लशला सांडपाण्यावर प्रक्रिया केलेले पाणी मिळाले तर विहिरींवरचा मोठा भार हलका होईल, आणि तेवढे विहिरीचे पाणी ज्यांना खरोखर दुसरे काही नाही त्यांना देता येईल.

तुमच्या सोसायटीत

विहीर किंवा रिंगवेल असेल तर कठड्यावर एक कायमची खूण करा आणि तिथून पाण्यापर्यंतचे अंतर टेपने मोजून वहीत लिहा. केंद्रीय भूजल मंडळ आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते. तुम्ही महिन्यातून एकदा मोजलीत तर उत्तम, निदान मे आणि ऑक्टोबर सोडू नका. मोजण्याआधी काही तास पंप बंद ठेवा, नाहीतर आकडा फसवा येतो. बोअरला साधे पाण्याचे मीटर बसवा.

इमारतीभोवती फिरून पाहा. जोते आणि कंपाउंडची फरशी यांच्यात फट वाढते आहे का, जिन्याची पहिली पायरी अधांतरी झाली आहे का, इमारतीतून बाहेर पडणारा मलवाहिनीचा पाइप जोडाशी वारंवार तुटतो का. खांबांवरची इमारत जागेवर राहून भोवतालची जमीन खाली गेली की ही लक्षणे दिसतात. यांतले एखादे लक्षण जुन्या, नीट न ठोकलेल्या भरावानेही येऊ शकते, म्हणून घाबरून जाऊ नका. पाणीपातळीच्या नोंदीशेजारी ते तारखेसह लिहून ठेवा.

आणि शेजारच्या प्लॉटवर पत्रे लागले, की खोदाई सुरू होण्याआधी चार कामे करून घ्या. घरोघरच्या भिंतींचे तारीख दिसेल असे फोटो. असलेल्या तड्यांवर पट्टी लावून दोन्ही कडांना पेन्सिलीची खूण. स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून सध्याच्या स्थितीचा अहवाल. आणि विकासकाला व महापालिकेच्या इमारत प्रस्ताव खात्याला एक पत्र, ज्यात तीनच प्रश्न असतील: खड्ड्याभोवतीची भिंत खडकापर्यंत जाणार आहे का, बाहेरची पाणीपातळी कुठे आणि किती दिवसांनी मोजणार, आणि ती किती उतरली की पंप थांबवणार. उत्तर लेखी मागा, आणि त्याची प्रत विहिरीच्या वहीत लावून ठेवा.